‘पित्तच झालं असन’ म्हणतो, तेव्हा पोटात नेमकं काय चाललेलं असतं?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३६ वर्षांच्या, दोन मुलांच्या आई. घरची चार एकर कोरडवाहू शेती आहे, हंगामात त्या दुसऱ्यांच्या वावरात वेचणीलाही जातात. पोळ्याच्या करीला घरी मटण झालं. त्या रात्री पोटाच्या वरच्या खड्ड्यात आणि उजव्या बरगडीखाली असं दुखलं की धड बसवेना, धड झोपवेना. सासूबाई म्हणाल्या, “काही नाही वं, पित्तच झालं असन.” सोडा प्यायल्यावर दोन तासांनी थांबलं. दसऱ्यानंतर रोडग्यांच्या पंगतीहून आल्यावर पुन्हा तेच. त्या वेळी गावातल्या एका आजीने बेंबी बसवून दिली आणि तासाभरात आराम पडला. दिवाळीत तिसऱ्यांदा दुखलं, उलट्या झाल्या. तालुक्याला सोनोग्राफी केली तर पित्ताशयात बरेच खडे निघाले, सगळ्यांत मोठा ९ मिलिमीटरचा. डॉक्टर म्हणाले, पित्ताशय काढावं लागेल. दीर म्हणतात, एक जण तीन दिवसांत खडे पाडून देतो, पडलेले खडे हातावर दाखवतो.

ताई विचारतात: “अवयवच काढला तर अन्न पचणार कसं? मुतखडा औषधानं पडतो, मग हे का नाही? लिव्हरवर चरबी लिहिली आहे, मी तर दारूच्या वाऱ्यालाही उभी राहत नाही. आणि कापूस फुटलेला असताना दवाखान्यात पडून राहायला वेळ कुणाला आहे?” शेवटी एक ओळ आहे: “भावाच्या चार वर्षांच्या मुलीला सिकलसेल आहे, त्यामुळं माहेरी आधीच दवाखाना सुरू आहे.”

ताई,

काढायचं की नाही हे ठरवण्याआधी ते असतं कुठे आणि करतं काय, तिथून सुरुवात करू. यातलं बरंचसं तुम्हाला आधीच माहीत आहे. बोकड कापताना जवळून पाहिलं असेल तर आठवा. कलेजीच्या खालच्या अंगाला चिकटलेली हिरवट पिशवी खाटीक फार जपून वेगळी करतो, कारण ती फुटली तर कलेजी कडूजहर होते. ती पिशवी म्हणजे पित्ताशय आणि तिच्यातलं कडू हिरवं पाणी म्हणजे पित्त. कलेजी म्हणजे यकृत, तिल्ली म्हणजे प्लीहा, गुर्दे म्हणजे मूत्रपिंडं. वजडी म्हणजे जठर, फक्त बोकडाला त्याचे चार कप्पे असतात आणि आपल्याला एकच.

आता उजवा तळहात स्वतःच्या उजव्या बरगड्यांच्या खालच्या भागावर ठेवा. त्याच्या आत यकृत आहे. शरीरातला सगळ्यांत मोठा आतला अवयव, मोठ्या माणसात जवळपास दीड किलोचा. आतड्यांतून अन्नरस घेऊन येणारं रक्त आधी इथे येतं, तपासलं जातं, साठवायचं ते साठवलं जातं, विषारी असेल ते निकामी केलं जातं आणि मग ते रक्त पुढे हृदयाकडे जातं. हेच यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. ‘पित्ताशय काढलं तर पित्त कुठून येणार’ ही तुमची भीती इथेच थोडी सैल व्हायला हरकत नाही. पित्त यकृतात बनतं. पित्ताशयात एक थेंबही बनत नाही.

मग पित्ताशय करतं काय? साठवतं. जेमतेम ७ ते १० सेंटिमीटर लांबीची, भेंडीच्या शेंगेएवढी ही पिशवी. तिच्यात ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावतं. त्यातलं पाणी शोषून घेऊन ती ते घट्ट करून ठेवते. तेलकट-तुपकट अन्न जठरातून लहान आतड्याच्या सुरुवातीला उतरलं की तिथून रक्तावाटे इशारा जातो, पिशवी आकसते आणि घट्ट पित्त नळीतून आतड्यात पडतं. साबणाने जसं तेल सुटतं, तसं पित्ताने चरबीचे बारीक कण होतात, म्हणजे पुढे पाचकरसांना काम करता येतं. सोनोग्राफीला तुम्हाला उपाशी का बोलावलं, तेही यावरून कळेल. उपाशीपोटी पिशवी भरलेली, टम्म असते आणि आतले खडे नीट दिसतात. चहा-बिस्कीट खाऊन गेलं तर ती आकसून बसते.

जठर डावीकडे, बरगड्यांच्या आडोशाला. त्याच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवं, हातभर नव्हे पण वीतभर तरी लांब स्वादुपिंड असतं. याची दोन कामं आहेत. पाचकरस आतड्यात सोडायचा आणि साखर ताब्यात ठेवणारं इन्सुलिन रक्तात सोडायचं. तुमच्या दुखण्यात महत्त्वाची गोष्ट ही, की स्वादुपिंडाची नळी आणि पित्ताची नळी लहान आतड्यात उघडताना बहुधा एकाच तोंडाशी येतात. दोन वावरांचं पाणी एकाच मोरीतून नाल्यात जावं तसं. मोरीत दगड अडकला तर दोन्हीकडे पाणी तुंबतं. डावीकडे अगदी वरच्या कोपऱ्यात, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड तिल्ली असते. तिच्याकडे मी नंतर येते, कारण तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीने मला तिथे थांबवलं आहे.

आधी सासूबाईंच्या ‘पित्ता’बद्दल. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या भाषेतच एका शब्दाला तीन घरं आहेत. आंबट ढेकर आणि छातीत जळजळ झाली की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो. ते जठरातलं आम्ल असतं, पित्ताशयाशी त्याचा संबंध नसतो. अंगावर लाल गांधी येऊन खाज सुटली की ‘पित्त उठलं’ म्हणतो. ती कातडीची ॲलर्जी. आणि तिसरं हे पिशवीतलं पित्त. सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची गोळी मेडिकलवाला ‘पित्ताची’ म्हणून देतो, ती जठरातलं आम्ल कमी करते. ती वर्षभर घेतली तरी पिशवीतल्या खड्याला काहीच होणार नाही. शब्द एक म्हणून उपाय एक, असं मानल्यामुळे दोन-दोन वर्षं गोळ्या खात राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

मग सोड्याने आणि बेंबी बसवल्याने थांबलं कसं? तुमच्या पत्रातला हा सगळ्यांत प्रामाणिक प्रश्न आहे, तुम्ही तो सरळ विचारलेला नसला तरी. खडा पिशवीच्या तोंडाशी येऊन अडकतो, पिशवी त्याला ढकलायला जोर करते, तीच ती कळ. सहसा अर्ध्या तासापासून चार-पाच तासांच्या आत खडा मागे सरकतो आणि दुखणं आपोआप थांबतं. थांबायच्या वेळी जे शेवटचं केलेलं असेल, त्याला श्रेय मिळतं. पहिल्यांदा सोड्याला मिळालं, दुसऱ्यांदा आजीला. आजीच्या हातात माया आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण खड्यांनी सुजलेल्या पोटावर जोराने चोळणं, तांब्या लावणं आता नको.

उजव्या फऱ्यात, म्हणजे खांद्याच्या पात्यापाशीही दुखतं असं तुम्ही लिहिलंय आणि त्यासाठी कापसाच्या गाठोड्याला दोष दिला आहे. गाठोडं जड असतंच. पण जेवणानंतर, पोटाबरोबर दुखणारा फरा वेगळा. पित्ताशयाकडून येणारे मज्जातंतू आणि पाठीच्या त्या भागाकडून येणारे मज्जातंतू मज्जारज्जूत एकाच उंचीवर पोचतात आणि निरोप नेमका कुठून आला याबद्दल मेंदूची गल्लत होते. असं दुखणं डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता मुतखडा. मुतखडा मूत्रपिंडात होतो, ते पाठीच्या बाजूला असतं. तिथून खाली सरळ वाट आहे, मूत्राचा प्रवाह आहे. भरपूर पाणी प्यायलं की बारीक खडा लघवीतून वाहून जातो. पित्ताच्या खड्याला अशी वाट नाही. तो पिशवीत बसलेला बरा, कारण ‘पडला’ तर आधी त्या अरुंद नळीत पडणार, स्वादुपिंडाच्या तोंडाशी. म्हणून ‘खडे पाडतो’ हे वाक्यच मला घाबरवतं. तुमच्या दिरांनी हातावर पाहिलेले खडे खोटे नसतील, पण ते पित्ताशयातले असतील असं नाही. तेल आणि लिंबाचा रस मोठ्या प्रमाणात पाजण्याचा हा उपाय जगभर चालतो. न्यूझीलंडमधल्या डॉक्टरांनी अशाच एका बाईंच्या शौचात पडलेले हिरवे ‘खडे’ तपासले आणि २००५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दल लिहिलं. त्यांत पित्तखड्यातलं काहीच नव्हतं. तेल, लिंबू आणि पोटातले रस मिळून साबणासारख्या गोळ्या तयार झाल्या होत्या. दिरांना एवढंच सांगा: पाडून आल्यावर सोनोग्राफी पुन्हा करून बघायची तयारी त्या माणसाची आहे का? मात्र तुम्ही स्वतः तो प्रयोग करू नका. एवढं तेल पोटात गेलं की पिशवी जोराने आकसणारच.

खडे विरघळवणाऱ्या गोळ्या आहेत, हेही लपवत नाही. त्या कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवरच, तेही पित्ताशय नीट काम करत असेल तर चालतात. सहा महिने ते दोन वर्षं घ्याव्या लागतात, आणि थांबवल्यावर पाच वर्षांत साधारण निम्म्या लोकांत खडे परत होतात. ज्यांना ऑपरेशन झेपणारच नाही, त्यांच्यासाठी तो मार्ग. तुमच्यासाठी मला तो पटत नाही.

दुसऱ्या टोकालाही एक गैरसमज आहे, आणि तो इतर वाचकांसाठी लिहिते. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली आणि त्यात खडे दिसले, पण कधी दुखलंच नाही, अशांनी घाईने पिशवी काढायची सहसा गरज नसते. अशा मुक्या खड्यांपैकी दरवर्षी शंभरात एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. तुमचे खडे मात्र मुके नाहीत. तीन महिन्यांत तीनदा बोलले, आणि तिसऱ्यांदा जास्त मोठ्याने.

रिपोर्टमध्ये आणखी दोन गोष्टी आहेत. ‘सी.बी.डी. नॉर्मल’ असं लिहिलेलं तुमच्या मुलीने वाचून दाखवलं, ती आनंदाची ओळ आहे. सी.बी.डी. म्हणजे तीच मुख्य पित्तनळी. ती फुगलेली नाही, म्हणजे सध्या तरी मोरीत दगड अडकल्याची खूण नाही. आणि ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’ दारूशिवायही होतं. पोटावरची चरबी, साखरेचा गोड चहा दिवसातून पाच-सहा वेळा, मधुमेह ही त्याची नेहमीची कारणं. ते सहसा दुखत नाही, आणि वजन थोडं उतरवलं तर मागेही फिरतं. पण उपाशी राहून झटकन वजन उतरवू नका. कडक उपासांनी पिशवी रिकामी होत नाही आणि खडे वाढायला मदतच होते. एकदा रक्तातली साखर मात्र तपासून घ्या.

आता भाचीची ती ओळ. तुम्ही ती ओघात लिहिली, पण तुमच्या खड्यांशी तिचा संबंध असू शकतो. सिकलसेल म्हणजे रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा, आई-बापाकडून येणारा रोग. विदर्भात तो घराघरांत आहे, आणि पोटदुखीच्या पेशंटला हा प्रश्न विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही. नेहमीची लाल पेशी १२० दिवस जगते, सिकलसेलच्या रोग्याची १० ते २० दिवस. एवढ्या पेशी सतत फुटतात, तेव्हा त्यांच्यातला पिवळा रंग यकृतावाटे पित्तात उतरतो आणि त्याचे काळे खडे होतात, कधी कधी शाळकरी वयातच. भाचीला रोग आहे म्हणजे तुमच्या भावात तो गुण नक्की आहे. मग तुमच्यातही तो असण्याची शक्यता किमान निम्मी. नुसता वाहक असलेल्याला, म्हणजे ज्याच्यात हा गुण एकाच पालकाकडून आला आहे त्याला, यामुळे खडे होत नाहीत. पण तुम्ही वाहक की रोगी की काहीच नाही, हे ऑपरेशनच्या आधी कळलंच पाहिजे, कारण सिकलसेलच्या रोग्याला भूल देताना पाणी, ऑक्सिजन आणि अंगाची ऊब यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यासाठी सोल्युबिलिटी नावाची रक्ताची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एच.पी.एल.सी. ही रक्ताची पुढची तपासणी करून पक्कं ठरतं. तुमच्या दोन्ही मुलांचीही करून घ्या, लग्नाच्या वयाची वाट न बघता.

भाचीच्या आईला हे वाचून दाखवा. तिल्ली म्हाताऱ्या रक्तपेशी गाळते आणि जंतूंशी लढते. सिकलसेलच्या लहान मुलांत वाकड्या पेशी तिथे एकदम अडकून ती काही तासांत फुगू शकते. अंगातलं रक्त तिल्लीतच कोंडलं जातं, लेकरू पांढरं पडतं, मलूल होतं, डावीकडे पोट टणक लागतं. हे जिवावरचं असतं आणि त्याच तासाला दवाखान्यात न्यावं लागतं. म्हणून लेकरू बरं असताना, उताणं झोपवून, डाव्या बरगडीखाली बोटांनी हलकेच चाचपायला आईने शिकून घ्यावं. सिकलसेलच्या ओपीडीतल्या डॉक्टरांना किंवा नर्सताईंना ‘मला हात धरून शिकवा’ म्हणावं, ते शिकवतात. नेहमी किती लागते हे हाताला ठाऊक असलं, तर वाढलेली लगेच कळते.

तुमचा पहिला प्रश्न: काढल्यावर पचणार कसं? यकृत पित्त बनवतच राहतं. फक्त ते साठून एकदम यायच्या ऐवजी थेंबथेंब सरळ आतड्यात येत राहतं. काहींना सुरुवातीचे काही आठवडे तेलकट खाल्ल्यावर पातळ होतं, मग बहुतेकांचं आतडं जुळवून घेतं. घोड्याला पित्ताशय नसतंच. तुमच्या तुरीत शिरणाऱ्या चितळालाही नसतं. दुर्बिणीचं ऑपरेशनही आता नवखं राहिलेलं नाही. भारतात ते १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी पहिल्यांदा केलं. पोटावर तीन-चार बारीक छिद्रं, बहुधा एक-दोन दिवसांत घरी. धोका शून्य नसतो. क्वचित पित्तनळीला इजा होते, क्वचित दुर्बीण सोडून पोट उघडावं लागतं. सर्जनला हे थेट विचारा, विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

आणि वेचणी. ‘कापूस घरात आल्यावर बघू’ यामागे असं धरलंय की दुखणं तोवर थांबेल. माझं मत सांगते. पुढच्या आठवड्यात वेळ काढून तारीख घेऊन ठेवा. यवतमाळचं शासकीय रुग्णालय असो की सेवाग्रामचं, तपासण्या आणि नंबर यांत काही आठवडे जातातच, तेवढ्यात पहिली वेचणी होऊन जाईल. ऑपरेशननंतर घरातली हलकी कामं आठ-दहा दिवसांत जमतात. गाठोडं, पाण्याची गुंडी, फवारणीचा पंप महिनाभर तरी नाही. ठरवून केलं तर हे दिवस तुम्ही निवडता आणि जावेला, बहिणीला आधी सांगून ठेवता. अचानक पिशवी सुजली किंवा स्वादुपिंड बिघडलं, तर आठवडे दवाखान्यात जातात आणि खर्चही कैकपट होतो.

खर्चासाठी रेशनकार्ड आणि आधार घेऊन सरकारी आरोग्य योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला भेटा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन त्या रुग्णालयात त्यात बसतं का, हे भरती होण्याआधी विचारा. पांढरं कार्ड आहे म्हणून परत फिरू नका. यवतमाळसह अमरावती विभागाचे सगळे जिल्हे आणि वर्धा इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना या योजनेत आधीपासून जागा आहे. सातबारा सोबत असू द्या.

तारीख येईपर्यंत तेलाची तर्री, भजी, मटण, शेंगदाण्याचं घट्ट बेसन बाजूला ठेवा. भाकरी, वरण, साधी भाजी, ताक चालेल. जेवण चुकवू नका. दुखणं सहा तासांत थांबलं नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी झाली, किंवा पोटातली कळ आरपार पाठीत जाऊन उलट्या थांबेनात, तर तारखेची वाट न बघता १०८ ला फोन करा. रात्र असली तरी.

घरातल्या मोठ्या माणसांसाठी एक वेगळी गोष्ट. पन्नाशीतल्या, बीपी-शुगर असलेल्या माणसाच्या याच वरच्या खड्ड्यात दुखून दरदरून घाम फुटला, तर त्याला ‘गॅस’ म्हणून सोडा पाजत बसू नये. हृदयाचं दुखणंही त्याच जागी उतरतं. आधी ई.सी.जी. काढावा. तुमच्या यजमानांनाही हे माहीत असू द्या.

दवाखान्यात जाताना जुना रिपोर्ट, चालू गोळ्यांची पाकिटं आणि तीन वेळा दुखलं त्या तारखा कागदावर लिहून न्या: पोळ्याची कर, दसऱ्यानंतरची पंगत, दिवाळी. त्याखाली एक ओळ लिहा, ‘भाचीला सिकलसेल’, आणि तो कागद डॉक्टरांच्या हातात सगळ्यांत आधी द्या.